टोपोशीटवर (सर्व्हे ऑफ इंडियाच्या भूरूप नकाशावर) निळा, म्हणजे पाण्याचा रंग नसेल तर ती जागा पाणथळ नाही, असं म्हणता येतं का?

नाही. ‘नकाशात निळं दिसत नाही, मग हरकत कशाला?’ हे वाक्य बैठकांमध्ये इतक्यांदा ऐकलंय की जरा तावातच लिहितोय.

नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर घ्या. गोदावरी-कादवा संगमाजवळचा ब्रिटिशकालीन बंधारा, महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ (२०२० मध्ये जाहीर). जागा २० अंश अक्षांशाला, म्हणजे जिथे दोन शीटं जुळतात त्या रेषेला, इतकी चिकटून आहे की ४६ एल/४ आणि त्याखालचं ४७ आय/१ अशी दोन शीटं जोडावी लागतात. एकाच शीटवर वाद घालणाऱ्यांचं निम्मं म्हणणं इथेच बाद.

१:५०,००० प्रमाणाच्या शीटवर कंटूर, म्हणजे समान उंचीची रेषा, २० मीटरला एक. बंधारा काही मीटर उंच, त्यामुळे त्याचा सगळा फुगवटा दोन रेषांच्या मधे जिरतो. खोली शोधायच्या भानगडीत पडू नका. बांधालगत ‘४ आर’सारखा आकडा असेल तर ती शेजारच्या जमिनीपासूनची उंची, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. बरेच जण इथेच घसरतात.

वरच्या गंगापूर-दारणा धरणांतून आवर्तन सुटलं की पातळी चढते, डाव्या-उजव्या कालव्याला पाणी गेलं की उतरते. वर्षानुवर्षांच्या गाळाने बेटं झालीत. पाणी उतरलेल्या काठावर गाळपेर, म्हणजे उघड्या गाळात पेरणी, होते. सर्वेक्षण त्या दिवसांतलं असेल तर पट्टा पिवळा, म्हणजे लागवडीचा. चार महिन्यांनी त्याच पिवळ्यावर बदकं!

आधी समासातलं सर्वेक्षणाचं वर्ष बघा. मग शीटचे चार कोपरे अक्षांश-रेखांशांवर बसवून त्यावर नोव्हेंबरचं आणि मेचं उपग्रहचित्र ठेवा. दोन्हींतल्या पाण्याच्या कडांमधला पट्टा, तीच तुमची पाणथळ. जुनं शीट एव्हरेस्ट डेटमवर, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायच्या जुन्या पायावर असतं. ते न बदलता डब्ल्यूजीएस ८४ वर, म्हणजे जीपीएसच्या पायावर टाकलंत तर बांध शेजारच्या शेतात जाऊन बसतो. आणि शीटवरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर, तेव्हा नुसती निळी रेघ हद्द म्हणून दाखवणाऱ्याला आधी पेन्सिलीचं टोक किती जाड आहे ते विचारा.

हां, एवढं करूनही कायदेशीर संरक्षण मिळेलच असं नाही. २०१७ चे पाणथळ नियम खास सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळतात. नांदूरचा बंधाराही सिंचनाचाच, पण तिथे रामसर दर्जा आणि १९८६ पासूनचं अभयारण्य आहे. तुमच्या तलावाला यातलं काही आहे का, ते नकाशा उघडण्याआधी तपासा.