वाटणीबद्दल विचारलंस म्हणून

बाळा,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. देवबागच्या जागेला रिसॉर्टवाल्याचा भाव आलाय, आजोबा गेल्यापासून सगळं सामायिक आहे, मोठे काका म्हणतात आत्यांकडून हक्कसोड लिहून घेऊ म्हणजे व्यवहार सुटसुटीत होईल, धाकटे काका कोर्टाची भाषा करतात, आणि या सगळ्यात तू मला विचारतोयस की सर, धर्मशिक्षणात तुम्हीच शिकवलं ना पैशाच्या मागे लागू नये म्हणून, मग पप्पांचा हिस्सा मी सोडूनच देऊ का, म्हणजे मन मोकळं होईल. थांब. एवढ्या घाईत संत होऊ नकोस.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा १२वा अध्याय उघड, १३व्या ओवीपासून वाच. गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा वतन माझ्याबरोबर वाटून घ्यायला. म्हणजे बघ, तुझंच प्रकरण! आणि येशू काय म्हणतो, मला तुमच्यावर वाटणी करणारा कोणी नेमलं? केस घेतच नाही तो. फादरांना मध्यस्थीला बोलवायचं काकांच्या मनात आहे ना, त्यांना हे आधी वाचून दाखव (फादर मनातून खूश होतील, प्रत्येक घरचा सातबारा त्यांच्याकडे येतो).

आणि त्यानंतर येशू ती धनवान शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. पीक भरपूर आलं, कोठारं पुरेनात, मग जुनी पाडून मोठी बांधायचं ठरवतो. आपण चर्चमध्ये इतक्या वेळा ऐकलीय की कान तिथे थांबतच नाहीत. पण नीट वाच, त्या गोष्टीत दुसरं माणूसच नाहीये. बायको नाही, गडी नाहीत, शेजारी नाही, माझं धान्य, माझी कोठारं, माझा जीव, आणि बोलतो तोही स्वतःशीच. त्यानं चोरी केली असं कुठंही लिहिलेलं नाही, पीक जमिनीनं दिलं, कष्टाचं असेल. तरी देव त्याला मूर्ख म्हणतो आणि विचारतो, आज रात्री तुझा जीव मागितला तर हे साठवलेलं कोणाचं होणार?

आता मजा बघ, या प्रश्नाचं उत्तर येशूसमोरच उभं आहे. कोणाचं होणार? त्या भांडणाऱ्या भावांचं! त्यांच्या बापानं जे साठवलं तेच तर ते वाटायला आलेत. मला ही गोष्ट नेहमी वाटणीच्या नोटिसीसारखी वाटते, बापाच्या नावानं लिहिलेली आणि पोरांना बजावलेली. तुझे आजोबा तसे नव्हते म्हणा, त्यांच्या अंगणात कोणी उपाशी गेलेलं मला आठवत नाही, पण कागद तर त्यांचाही मागे राहिलाच.

म्हणून आध्यात्मिक संपत्ती म्हणजे पैसा नको म्हणणं, असं मुळीच समजू नकोस. प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला पत्र लिहितो तेव्हा पैशाला नाही, पैशाच्या लोभाला वाईटाचं मूळ म्हणतो, आणि त्याच पत्रात श्रीमंतांना काय आज्ञा दे म्हणतो, तर चंचल धनावर आशा ठेवू नका, परोपकारी व्हा, वाटायला तयार राहा. सगळ्यांनी सगळं विकावं असं तिथे नाही. विक म्हणून येशूनं त्या एका श्रीमंत तरुणाला सांगितलं खरं, आणि मार्क लिहितो की सांगायच्या आधी त्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली. आपण ते विसरतो आणि फक्त दरडावणं लक्षात ठेवतो. यूट्यूबवर ते दुसरे असतात, दान पाठवा देव गाडी देईल वाले, त्यांच्याबद्दल बोलून मी वेळ घालवत नाही.

तुझा खरा प्रश्न तुझा हिस्सा नाहीये, आत्यांचा आहे. आणि आजीचा. आपल्याला ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो, मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलगा-मुलगी असा फरक न करता सारखं. आजोबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं असं तूच म्हणालास. म्हणजे मोठे काका ज्याला सुटसुटीत म्हणतात ते काय आहे, तर कायद्यानं मिळालेलं दोन बहिणींकडून एका सहीत काढून घेणं. आत्या सही करतीलही, माहेर तुटायला नको म्हणून आपल्याकडे बायका करतातच, आणि मग सगळे म्हणतात बघा किती मोठ्या मनाच्या! मार्कच्या १२व्या अध्यायात होतं नव्हतं ते सगळं दानपेटीत टाकणाऱ्या विधवेची दोन नाणी आहेत ना, दानाच्या रविवारी हमखास वाचतात. त्याच्या जरा वरची ओवी कोणी वाचत नाही, तिथे येशू विधवांची घरं गिळून लांबलचक प्रार्थना करणाऱ्यांबद्दल बोलतोय. दोन्ही एकत्र वाचलं की जेवण जात नाही.

आणि जक्कय, लूकमधला तो श्रीमंत जकातदार. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो म्हणाला, ते सगळ्यांना पाठ आहे. पण ज्याचं अन्यायानं घेतलं असेल त्याला चौपट परत, हेही त्याच ओवीत म्हणाला. दान वेगळं आणि परतफेड वेगळी, एकाच्या आड दुसरं लपवता येत नाही. तू तुझा हिस्सा सोडलास आणि तो गेला काकांच्या खिशात, तर त्यात गरिबाला काय मिळालं? तुला फक्त बरं वाटलं.

तेव्हा हिस्सा घे. पुण्याचं लोन आहे, आईचं औषधपाणी आहे, त्यात लाज कसली. त्यातलं किती द्यायचं ते नंतर देवासमोर बसून ठरव आणि ठरवलंस की कोणाला सांगू नकोस, मलाही नाही. पैसा तुझ्या डोक्यावर बसलाय की नाही हे त्यातच कळतं. रोज रात्री गुंठ्याचा भाव गुणून बघतोस म्हणालास ना, ते मात्र बंद कर, मला त्याचीच जास्त काळजी वाटते, तुझी झोप त्या रिसॉर्टवाल्याच्या हातात जायला नको. विकायचंच की नाही हेही आजीला एकदा विचार, तौक्तेनं २०२१ला कौलं उडाली तेव्हाही ती ते घर सोडून गेली नव्हती.

पुढच्या आठवड्यात येशील तेव्हा आधी तलाठ्याकडून सातबाऱ्याबरोबर जुने फेरफारही काढून घे. वारसनोंद झाली तेव्हा आत्यांची नावं लागली होती की तिथेच गळली, ते त्यात दिसेल. गळली असतील तर काकांशी बोलायच्या आधी दोन्ही आत्यांना फोन कर, धाकटीला आधी, तिला सासरी दुपारीच जरा मोकळं बोलता येतं.

तुझा,
सर