मिसिंगच्या यादीत नसलेला मुलगा

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "सर, चाळीस वर्षांपूर्वीचं अनोळखी प्रेत, आजूबाजूच्या जिल्ह्यांतल्या मिसिंगच्या सगळ्या तक्रारी पाहिल्या, एकही जुळत नाही. आता शोधू कुठे?" तेव्हापासून मला अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातला एक मुलगा आठवतोय.

फेब्रुवारी १९५७. शहराच्या फॉक्स चेस भागात रस्त्यालगतच्या झाडीत पुठ्ठ्याचं खोकं सापडलं. तान्ह्या बाळाचा पाळणा दुकानातून ज्यात येतो, तसलं. आत चौकड्यांच्या घोंगडीत गुंडाळलेला, चार ते सहा वर्षांचा, उघडा मुलगा. अंगभर मार, पोट खपाटीला गेलेलं. नखं मात्र नीट कापलेली. केस नुकतेच, कसेबसे कापलेले, आणि त्या केसांचे बारीक तुकडे अजून अंगाला चिकटलेले. हे मी वर्गात दरवर्षी सांगायचो. कात्री घेऊन कोणीतरी त्या लेकराच्या डोक्याशी बसलं होतं. म्हणजे त्याला ओळखणारं माणूस होतंच.

पोलिसांनी हयगय केली नाही. चार लाख पत्रकं काढली, ती गॅसच्या बिलांबरोबर घरोघर गेली. मुलाला कपडे घालून, बसवून फोटो काढला, का तर जिवंतपणी तो कसा दिसत असेल ते लोकांना कळावं. तो फोटो पाहवत नाही. तरीही नाव सांगायला कोणी आलं नाही.

मिसिंगच्या यादीत माणूस येतो तो कोणी तक्रार दिली तरच. ज्यांनी तक्रार द्यायची, त्यांनाच तो नकोसा असेल तर? तुझ्या फाइलीत हाच प्रश्न आधी विचार. शाळेचा पट, रेशनकार्डावरून कमी झालेलं नाव, दवाखान्यातली जन्मनोंद: जो हरवल्याचं कोणी कळवलं नाही, तो अशाच कागदांत सापडतो.

तिथल्या वैद्यकीय परीक्षकांच्या, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या, कार्यालयात रेमिंग्टन ब्रिस्टो नावाचे अधिकारी होते. १९९३ मध्ये वारले तोवर, छत्तीस वर्षं, त्यांनी या मुलाचा ध्यास सोडला नाही. त्या माणसाबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. पण जवळच्या एका घरावर, जिथे दुसऱ्यांची मुलं सांभाळली जात, त्यांचा संशय बसला आणि तो शेवटपर्यंत हलला नाही. पुढे पोलिसांनी त्या कुटुंबाची पुन्हा चौकशी केली, त्यांचा संबंध नसल्याचं ठरलं. तुला लळा लागणार, लागू दे. पण तो त्या मयताचा असावा, आपल्या तर्काचा नको.

मुलाचे अवशेष १९९८ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये उकरले. डीएनए फार खराब झालेला होता, तो वाचण्याजोगा करण्यातच बराच काळ गेला. मग वंशावळीच्या माहितीसाठ्यांतून, जिथे लोक नातलग शोधायला आपला डीएनए देतात, आईकडचे दूरचे नातलग सापडले, त्यांच्यावरून आई कोण ते कळलं. पुढचं काम जुन्याच पद्धतीचं: कोर्टाचा हुकूम घेऊन तिच्या मुलांच्या जन्मनोंदी मागवल्या. दोन मुलं पोलिसांना माहीत होती, तिसरा दाखला माहीत नव्हता. त्यावर वडिलांचं नाव होतं, मग त्यांच्या बाजूनेही पडताळा झाला. ८ डिसेंबर २०२२ ला नाव जाहीर झालं: जोसेफ ऑगस्टस झरेली, जन्म १३ जानेवारी १९५३. आईवडील तोवर गेलेले होते. भावंडं हयात, म्हणून पोलिसांनी आईवडिलांची नावं सांगितली नाहीत. तूही नातलगांच्या दारात जाशील तेव्हा हे ध्यानात ठेव. त्यांनी कोणाला मारलेलं नसतं.

खून कोणी केला, ते अजून सिद्ध झालेलं नाही. पण 'अमेरिकेचं अनोळखी मूल' असं कोरलेल्या थडग्यावर, त्याच्या सत्तराव्या वाढदिवशी, नाव आलं.

आता माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला नदीतून काढलेल्या एका बाईचे कपडे मी ओलेच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सील केले. काही महिन्यांनी पिशवी उघडली तर सगळ्यावर बुरशी. पोलक्याच्या आत शिंप्याची कापडी चिठ्ठी होती, तिच्यावरचं एकही अक्षर लागेना. त्या बाईचं नाव आजतागायत कोणाला ठाऊक नाही.

म्हणून सोमवारी मुद्देमाल पाहशील तेव्हा घाई करू नकोस. पिशवी प्लास्टिकची असेल तर पंच बोलावून उघड, कपडे सावलीत वाळव, कागदात गुंडाळ. कॉलरच्या आतली बाजू, धोब्याची खूण, बदललेलं बटण, सगळ्याचे फोटो काढ. काही अक्षरं लागली तर रात्री कितीही वाजता फोन कर.

तुझा,
सर