खाजणातली तिवर खुजी का राहते?

तुम्ही विचारलंय की खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या जमिनीत, खाडीच्या कडेची तिवर (खारफुटीचं एक झाड) दोन पुरुष उंच आहे, पण आत जुन्या बांधाजवळची कमरेएवढीच राहिली आहे; ती रोगट समजून काढावी आणि तिथे कांदळ ही दुसरी खारफुटी लावावी का? काढू नका. वर्णनावरून ती रोगट वाटत नाही, तहानलेली वाटते. पायाशी चिखल ओला दिसतो, म्हणून ही तहान आपल्या लक्षात येत नाही.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. ते मागे ठेवून नुसतं पाणी आत घ्यायचं, तर मुळाला सुमारे 25 वातावरणांएवढा (एक वातावरण म्हणजे समुद्रसपाटीवरचा हवेचा दाब) ताण लावावा लागतो. अडीचशे मीटर खोल विहिरीतून पाणी खेचण्याइतका. शरीरक्रियाशास्त्रज्ञ पेर शोलँडर यांनी 1960च्या दशकात खारफुटीच्या तोडलेल्या फांद्या दाबपात्रात घालून हा ताण मोजला, तेव्हा तो 30 ते 60 वातावरणांच्या घरात भरला. तेव्हा ‘खारफुटी खारं पाणी पिते’ हे अर्धंच खरं. तिवर आणि कांदळ दोघंही 90 टक्क्यांहून जास्त मीठ मुळाशीच अडवतात.

उरलेलं मीठ रसाबरोबर वर चढतं. तिवरीच्या पानात ते बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. मे महिन्यात दुपारी तिवरीचं पान उन्हात तिरपं धरून बघा: हिरव्या तुकतुकीत वरच्या बाजूवर बारीक पांढरे कण चमकतात, बोट फिरवून जिभेला लावलं की खारट लागतं. पहाटे दव पडलं की तेच कण विरघळून पानावर खारे थेंब उभे राहतात. कांदळाला अशा ग्रंथी नाहीत, त्यामुळे त्याची सारी भिस्त मुळांवर. (पिवळी पानं गाळून झाड मीठ फेकतं असं खूप ठिकाणी वाचायला मिळतं. त्याला भक्कम आधार नाही.)

आता तुमची आतली जागा. कडेला रोज दोनदा भरती येते आणि मुळांभोवती साठलेलं मीठ धुऊन नेते. आत पाणी फक्त उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला पोचतं. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत ते उन्हानं आटतं, मीठ तिथेच राहतं. शिवाय मुळं पाणी उचलून मीठ मागे ठेवतात, म्हणजे झाड स्वतःच स्वतःभोवतीची माती खारट करत असतं. खेकड्यांची बिळं पाणी आतबाहेर खेळवून हे मीठ बरंच कमी करतात, पण भरतीच आली नाही तर बिळं तरी काय करणार? उन्हाळ्याअखेर अशा मातीतलं पाणी समुद्राहूनही खारट होतं.

एवढ्या ताणाखाली जलवाहिनीत (मुळाकडून पानाकडे पाणी नेणाऱ्या खोडातल्या बारीक नळीत) हवेचा बुडबुडा शिरला की ती नळी निकामी होते. म्हणून जास्त खाऱ्या जागी झाड अरुंद नळ्या बनवतं. जोखीम कमी होते, पण किंमत जबर आहे: नळीचा व्यास निम्मा झाला की तिच्यातून वाहणारं पाणी सोळाव्या हिश्श्यावर येतं. पाणी कमी म्हणून पर्णरंध्रं (पानावरची हवा आत घेणारी बारीक छिद्रं) कमी उघडतात, अन्न कमी तयार होतं, आणि त्यातलंही बरंचसं मुळं वाढवण्यात जातं. उंचीला उरतं ते थोडंच. याचा अर्थ शून्य मीठ बरं असाही नाही; तिवरीची रोपं साधारणपणे समुद्राच्या पाव ते निम्म्या खारेपणात सर्वांत चांगली वाढतात. ती बुटकी झाडं दिसतात त्याहून बरीच जुनी असू शकतात.

कांदळ लावण्याआधी एवढं करा. मे महिन्यात हातभर खोल खड्डा घ्या, त्यात झिरपलेल्या पाण्याचा खारेपणा रिफ्रॅक्टोमीटरनं मोजा, भरपावसात पुन्हा मोजा. मेमधला आकडा लिटरला 50 ग्रॅमच्या वर गेला, तर कांदळाची रोपं तिथे लावू नका, वाया जातील. मग बांधाकडे बघा. भरती आत नेणारी जुनी चर गाळानं बुजली आहे का, उघाडी (बांधातलं पाणी आतबाहेर सोडणारं दार) बंद पडली आहे का? बांधाला लगेच हात लावू नका, मागे कुणाची भातखाचरं असतील. खारभूमी आणि कांदळवन विभागाशी बोलूनच चर मोकळी करा. पाणी खेळू लागलं तर तीच तिवर नवे फुटवे काढील, आणि कांदळाच्या शेंगा भरतीबरोबर आपणहून येऊन रुजतात का, हे दोन पावसाळे तरी बघा.