कामाच्या टेबलावरील दिव्यासाठी भिंतीवर स्विच

प्रश्न : गॅरेजमधील कामाच्या टेबलावर मी एलईडीची लांब पट्टी बसवली आहे. तिची वायर टेबलामागच्या सॉकेटमध्ये असल्याने दिवा लावताना प्रत्येक वेळी अवजारांवरून हात घालावा लागतो. टेबलाशेजारच्या भिंतीवर स्विच घ्यायचा आहे. एका मित्राने दोन तारांपैकी कोणतीही तोडून मध्ये स्विच बसवला तरी चालते असे सांगितले, परंतु त्याच्या घरचा दिवा बंद केल्यावरही मंद उजळत राहतो. योग्य पद्धत कोणती?

उत्तर : कोणतीही तार चालत नाही, स्विच फेजच्याच, म्हणजे दिव्याकडे वीज आणणाऱ्या, तारेत असला पाहिजे. न्यूट्रल, म्हणजे प्रवाह परत नेणारी तार, तोडल्यास दिवा विझलेला दिसतो, पण फेज दिव्यापर्यंत पोहोचलेलाच राहतो, आणि स्विच बंद आहे या भरवशावर पट्टी उघडणाऱ्या माणसाला त्याचा धक्का बसू शकतो. मित्राकडील मंद उजेडाचे कारणही बहुधा हेच असावे, कारण एलईडीला उजळायला अत्यल्प प्रवाह पुरतो आणि तेवढा प्रवाह दिव्याच्या धातूच्या भागातून किंवा अर्थच्या, म्हणजे सुरक्षेसाठी जमिनीशी जोडलेल्या, तारेकडे झिरपतो. योग्य जोडणीतही लांबवर शेजारून गेलेल्या तारांमुळे असा उजेड क्वचित दिसतो, तरी मित्राने आपल्या स्विचची तपासणी लवकर करून घ्यावी.

आता वीज कोठून घ्यायची? छताच्या दिव्यापासून तार ओढण्याचा मोह होतो, परंतु तेथे येणारा फेज बहुतेक वेळा दाराजवळच्या स्विचमधून आलेला असतो, म्हणून छताचा दिवा लावल्याशिवाय आपली पट्टी लागणारच नाही. कायम चालू असणारा फेज स्विचबोर्डात सापडतो. मात्र न्यूट्रल त्या बोर्डात असेलच असे नाही, आणि तो नसल्यास अर्थची तार न्यूट्रल म्हणून वापरण्याची चूक मुळीच करू नये. टेबलामागच्या सॉकेटमध्ये तिन्ही तारा मिळतात, त्यामुळे तेथून पुरवठा घेणे सोपे पडते, तरीही मी ते सुचवणार नाही. त्याच सर्किटवर ग्राइंडर किंवा करवत चालत असताना एमसीबी (प्रवाह जास्त झाल्यास वीज आपोआप तोडणारा मुख्य बोर्डातील स्विच) पडला, तर पाते फिरत असतानाच टेबलावर अंधार होतो. म्हणून दिव्याची तार शक्यतो दिव्यांच्या सर्किटवरून घ्यावी.

भाराची चिंता नको. सुमारे 230 व्होल्टच्या पुरवठ्यावर 40 वॅटची पट्टी पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह घेते, त्यामुळे साधा 6 अँपिअरचा स्विच आणि 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरेशी होते. ही तार उघडी न सोडता पाइपमधून किंवा केसिंग पट्टीतून न्यावी, कारण गॅरेजमध्ये लाकूड, शिडी आणि अवजारे भिंतीला सतत घासतात. जोड चिकटपट्टी गुंडाळून भिंतीत दडपू नयेत; ते झाकण उघडता येईल अशा जंक्शन बॉक्समध्येच असावेत. अर्थची तार स्विचमधून जात नाही. ती अखंड दिव्याच्या धातूच्या आवरणापर्यंत जायला हवी.

हात लावण्यापूर्वी केवळ स्विच नव्हे, तर मुख्य बोर्डातील एमसीबी बंद करावा आणि घरातील इतरांना तसे सांगून ठेवावे. तारांच्या रंगांवर विसंबू नये, कारण मागच्या माणसाने ते पाळलेच असतील याची खात्री नसते. साधा निऑन टेस्टरही फसवतो : शेजारच्या चालू तारेमुळे तो बंद तारेवर उजळू शकतो, आणि भर उजेडात त्याचा प्रकाश दिसतही नाही. म्हणून मल्टिमीटरने (व्होल्टेज मोजणाऱ्या उपकरणाने) मोजावे, आणि मोजण्याआधी व नंतर तो चालू सॉकेटवर लावून नीट दाखवतो ना, हे पाहावे.

फेज आणि न्यूट्रल ओळखण्याविषयी थोडीही शंका असेल, किंवा आपल्या भागातील नियमानुसार असे काम परवानाधारक वायरमननेच करायचे असेल, तर त्यालाच बोलवावे. काम संपल्यावर मात्र स्विच बंद ठेवून दिव्याच्या कनेक्टरवर, फेजची तार आणि अर्थ यांच्यामध्ये, त्याच्याकडून मोजून घ्यावे. तेथे पूर्ण व्होल्टेज दिसले, तर स्विच चुकीच्या तारेत गेला आहे.