ट्रंकेतले मराठी इंद्रजाल: किंमत विचारण्याआधी यादी करा

तुम्ही विचारलंय की गावच्या घरी ट्रंकेत वडिलांनी जपलेले इंद्रजाल कॉमिक्सचे दोनेकशे मराठी अंक सापडले, थोडे सुटे, थोडे बांधलेले; त्यांचे किती येतील, विकावेत का, आणि टिकावेत म्हणून लॅमिनेट करून घेऊ का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते तातडीचं आहे. लॅमिनेट अजिबात करू नका. हे अंक स्वस्त कागदावर छापलेले. त्या कागदात आम्ल असतं, म्हणूनच तो पिवळा पडतो आणि कडेने तुटायला लागतो. लॅमिनेशनची उष्णता आणि गोंद एकदा बसला की परतीचा रस्ता नाही. फाटलेल्या पानाला सेलोटेपही नको. काही वर्षांत त्याचा तपकिरी डाग उरतो.

सगळ्यात आधी स्टेपलच्या पिना बघा. आपल्या हवेत पिना गंजतात आणि गंज कागद खात जातो. अंक मधोमध उघडा, पिनेचे दोन्ही पाय बोथट सुरीने सरळ करा, मग बाहेरच्या बाजूने पिन हलकेच ओढून काढा. त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून सैल गाठ मारा. हे करतानाच पानं मोजून घ्या. मधली जोडपानं सुटून हरवलेली असण्याची शक्यता मोठी, आणि कथा तिथेच अडते. नंतर प्रत्येक अंक वेगळ्या पिशवीत, मागे पुठ्ठा, आणि पेटी बाहेरच्या भिंतीला न टेकवता जमिनीपासून वर. डांबराच्या गोळ्या ठेवायच्याच असतील तर कागदाला लागू देऊ नका. आषाढ-श्रावणात पेट्या उगाच उघडू नका.

बांधलेले खंड तोडू नका. बांधताना बाइंडर तिन्ही कडा कटरखाली घालत, त्यामुळे वरच्या संवादांच्या फुग्यांतल्या ओळींची शिरोरेषाच उडालेली दिसेल. बाजारात असा अंक कमी दर्जाचा धरतात. मला तो हिशेब पटत नाही. माझ्या पाहण्यात मराठी इंद्रजाल जे वाचलेत ते बरेचसे या बांधणीमुळेच. सुटे अंक हातोहात फिरून फाटले किंवा रद्दीत गेले. लायब्ररीचा शिक्का असेल तर तोही राहू द्या. ते कॉमिक कुठल्या गावात, कुठल्या आळीत वाचलं गेलं याचा तो एकमेव पुरावा असतो.

आता किमतीचं. इंद्रजाल मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीने सुरू केलं आणि १९९० मध्ये बंद केलं. पहिले ३२ अंक निव्वळ वेताळाचे, म्हणजे मूळच्या इंग्रजी 'फँटम'चे, मग मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी वगैरे मंडळी आली. १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूर आला, गोविंद ब्राह्मणियांच्या चित्रांसह. सुरुवातीच्या वेताळ अंकांना आणि बहादूरच्या पहिल्या अंकांना मागणी जास्त, पण खरा दर इंग्रजी अंकांना मिळतो, कारण ते गोळा करणारे देशभर आहेत. मराठी अंकांना गिऱ्हाईक थोडं. म्हणून विक्रेता सांगतो की 'मराठीला भाव नाही', आणि ढीग उचलून त्यातले पाच-दहा चांगले अंक वेगळे काढतो. उरलेल्यांचं पुढे काय होतं ते कोणी विचारत नाही.

या धंद्याबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार इथेच आहे. अमर चित्र कथाही त्याच दशकातली, १९६७ ची. आधी टाइम्समध्ये असलेल्या अनंत पैंनी ती उभी केली. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारख्या चित्रकारांचं काम आजच्या मुलांच्या हातात आहे, कारण ती मालिका पुस्तकांसारखी सांभाळली गेली आणि जुनी शीर्षकं पुन्हापुन्हा छापली गेली. इंद्रजाल मात्र नियतकालिक. पुढचा अंक आला की मागचा संपला. त्यातली बहुतेक पात्रं अमेरिकेच्या किंग फीचर्सची, म्हणजे हक्कही परके. वेताळाच्या मूळ चित्रपट्ट्या अमेरिकेत पुन्हा छापल्या जातात, जातीलही. पण आपण वाचलेला वेताळ मराठीत ज्यांनी बोलता केला, त्यांचं लेखन कोण छापणार? ते फक्त तुमच्या ट्रंकेसारख्या ट्रंकांमध्ये आहे. दोनेकशे अंक वीस जणांना विकले की ते परत एकत्र येत नाहीत.

नवीन कॉमिक्स गुंतवणूक म्हणून घेऊ का, असंही तुम्ही जाता जाता विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: नको. सुपरमॅनचा जन्म झाला तो १९३८ चा 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेला, कारण त्या काळी कोणी तो जपला नव्हता. याउलट १९९१ च्या 'एक्स-मेन' अंक १ च्या ८० लाखांच्या वर प्रती छापल्या गेल्या. लोकांनी पाच-पाच वेगळ्या मुखपृष्ठांसकट त्या पिशवीत घालून ठेवल्या, म्हणून आजही त्या मामुली दरात मिळतात. त्या सट्ट्याचा फुगा फुटला, अमेरिकेतली कॉमिक्सची दुकानं धडाधड बंद पडली आणि १९९६ च्या डिसेंबरात 'एक्स-मेन' काढणारी खुद्द मार्व्हल कंपनी दिवाळखोरीत गेली. जे सगळेच जपून ठेवतात ते दुर्मीळ होत नाही. नवीन घ्या, जरूर घ्या, पण वाचायला. आणि प्लॅस्टिकच्या कवचात कायमचं बंद करून, वर अंकाच्या स्थितीचा गुणांक चिकटवून मिळणारे अंक मला कधीच घ्यावेसे वाटले नाहीत. उघडताच येत नसेल तर ते कॉमिक कसलं?

तेव्हा महिनाभर कोणालाही भाव विचारू नका. आधी वहीत यादी करा: अंक क्रमांक, तारीख, मराठी शीर्षक, नायक, छापील किंमत, पानं पूर्ण की अपुरी. नंतरच्या काळात सलग क्रमांक जाऊन खंड आणि अंक अशी पद्धत आली, तेव्हा मुखपृष्ठावर जे छापलंय तेच जसंच्या तसं उतरवा, स्वतः हिशेब करू नका. मुखपृष्ठ आणि प्रकाशनाचा तपशील असलेलं पान, दोन्हींचे फोटो घ्या, फ्लॅश न लावता, खिडकीच्या उजेडात. यादी झाली की इथेच टाका. माझ्याकडच्या अंकांशी ताडून कुठले माझ्याकडे नाहीत ते मी सांगेन. तुमची हरकत नसेल तर तेवढ्यांची पानं स्कॅन करायला मी स्वतः गावी येईन, अंक घराबाहेर न्यायची गरज नाही.