यादी पोचली, आकडे कुठे गेले?

प्रश्न : डॉट नेटमध्ये मी ‘लिस्ट’पासून इनहेरिट करून ‘ऑर्डरपेज’ नावाचा क्लास लिहिला आहे. त्यात ‘टोटल’ आणि ‘पेजनंबर’ या दोन जादा प्रॉपर्टी आहेत. सर्व्हरवर डीबगरमध्ये टोटल 240 दिसतं. जेसन (डेटा पाठवायचा मजकुरी साचा) होऊन पलीकडच्या प्रोग्रामकडे गेलं की 20 ऑर्डरी नीट मिळतात, पण दोन्ही आकडे शून्य. एररसुद्धा येत नाही. प्रॉपर्टी पब्लिक आहेत, गेट-सेटही आहेत. चुकतंय कुठे?

उत्तर : याच भानगडीत माझी एक अख्खी दुपार गेली आहे. मीही गेट-सेट आणि स्पेलिंग तपासत बसलो होतो. पलीकडच्या टीमवर खापर फोडूनही झालं होतं. मग तयार झालेला जेसन मजकूर नुसता उघडून पाहिला. पहिलंच अक्षर चौकटी कंस! नावानिशी किमान एक ऑब्जेक्ट दाखवणारा महिरपी कंस नाही.

तुम्हीही आधी तेवढंच पाहा. चौकटी कंस म्हणजे ॲरे, आणि जेसनच्या ॲरेत एकामागून एक नुसती मूल्यं बसतात; नाव देऊन काही ठेवायला तिथे जागाच नसते. तुमचा क्लास लिस्टचा वंशज, म्हणून सीरियलायझर (ऑब्जेक्टचा मजकूर करणारा कोड) त्याला सरळ कलेक्शन समजतो आणि फक्त आतले घटक लिहितो. पलीकडे नवीन ऑब्जेक्ट बनतो, त्यात 20 ऑर्डरी भरल्या जातात, आणि टोटलला कुणी हात न लावल्यामुळे ते शून्यच राहतं. नियमाप्रमाणे सगळं बरोबर झालं, मग एरर कशाची येणार? एक्सएमएल सीरियलायझरही कलेक्शनच्या जादा प्रॉपर्टी अशाच गाळतो.

न्यूटनसॉफ्टच्या जेसन लायब्ररीत क्लासवर ‘जेसनऑब्जेक्ट’ ॲट्रिब्यूट (‘याला यादी नव्हे, ऑब्जेक्ट समज’ असं सांगणारी खूण) लावायचा सल्ला तुम्हाला मिळेल. मी लावून पाहिलं. टोटल आलं, सोबत लिस्टचे काउंट आणि कपॅसिटी आगंतुकासारखे आले, आणि ऑर्डरी गायब! डॉट नेटच्या स्वतःच्या ‘सिस्टिम डॉट टेक्स्ट डॉट जेसन’ लायब्ररीमध्ये तर हे ॲट्रिब्यूटच नाही, तिथे स्वतःचा कन्व्हर्टर लिहावा लागतो. दोन आकड्यांसाठी एवढी उस्तवार मी तरी करणार नाही.

इनहेरिटन्स काढून टाका. ऑर्डरपेज साधा क्लास ठेवा आणि त्यात टोटल, पेजनंबर यांच्या जोडीला ‘आयटम्स’ नावाची लिस्ट प्रॉपर्टी द्या. मग तिन्ही गोष्टी आपापल्या नावाने जातात.

फक्त जेसनचा आकार बदलेल, म्हणून तो वाचणाऱ्यांना आधी कळवा. तुमच्या सी-शार्प कोडमधले, ऑर्डरपेजवर थेट फिरणारे जुने फॉरईच लूप कंपायलर दाखवून देईल. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट तशी दाखवणार नाही, ती चालवल्यावरच अडखळेल. आणि ते फॉरईच बदलायचा कंटाळा आला म्हणून नव्या क्लासवर ‘आयइन्युमरेबल’ (क्लासवर थेट फॉरईच चालू देणारा इंटरफेस) चढवू नका, सीरियलायझर त्यालाही कलेक्शन समजतो. मी चढवलं होतं. संध्याकाळी पुन्हा चौकटी कंस.