लायपोच्या पॅकेजवर सही करण्याआधी आत ग्लँड आहे का ते बघ

तुझी पोस्ट दोनदा वाचली. वय २३, नाशिकच्या अंबडला कंपनीत नोकरी, चार वर्षांपासून छाती पुढे आलेली दिसते म्हणून भर उन्हाळ्यातही शर्टाच्या आत दोन बनियन, घरच्यांबरोबर रामकुंडावर गेलास तरी शर्ट अंगातच. एका क्लिनिकने छातीच्या लायपोचं, म्हणजे नळीने चरबी ओढून काढायचं पॅकेज सांगितलंय आणि या आठवड्यात बुकिंग केलं तर सूट म्हणतायत. शेवटी तू विचारलंयस की ऑपरेशनने हा न्यूनगंड जाईल का, आणि जमलं तर पुढे जबड्याचंही करावं का. मी हेच भोगलंय, म्हणून सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही, त्यामुळे इथे औषधाचं नाव वाचून स्वतःहून काही सुरू किंवा बंद करू नकोस. गायनेको म्हणजे पुरुषाच्या छातीत स्तनग्रंथी (ग्लँड) वाढणं, हे तू एव्हाना शंभर ठिकाणी वाचलं असशील, त्यात जास्त शिरत नाही.

माझं स्पष्ट मत असं की ज्या गोष्टीवर बोट ठेवता येतं, जी सर्जनच्याही हाताला लागते, तिच्यावर ऑपरेशन हे चांगलं उत्तर आहे. जे फक्त आरशात आणि फक्त आपल्यालाच दिसतं, त्यावर नाही. तुझ्या पोस्टमध्ये दोन्ही आहेत. छाती पहिल्या प्रकारातली असू शकते. जबड्याबद्दल तू एकच वाक्य लिहिलंयस, त्यात नेमकं काय खटकतं ते तुलाही सांगता आलेलं नाही. जबडा सध्या पूर्ण बाजूला ठेव.

छातीचं घरीच पाहता येतं. शर्ट काढून पाठीवर आडवा हो, त्या बाजूचा हात डोक्यामागे घे. दुसऱ्या हाताचा अंगठा आणि तर्जनी स्तनाग्राच्या दोन बाजूंना लांब ठेव आणि हलके दाबत मध्याकडे आण. नुसती चरबी असेल तर बोटं थेट स्तनाग्रापर्यंत जातात, वाटेत काही अडत नाही. ग्लँड असेल तर स्तनाग्राच्या बरोबर खाली खोडरबरासारखी घट्ट, किंचित सरकणारी चकती लागते आणि तिची कड बोटाला कळते. पुष्कळांना दोन्ही थोडं थोडं असतं. नुसती चरबी वजन उतरवल्यावर कमी होते. ग्लँड बेंचप्रेसने जात नाही, उलट खालचा स्नायू वाढला की ती आणखी पुढे ढकलली जाते. वयात येताना झालेली सूज बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप उतरते. तुझी चार वर्षं टिकलीय म्हणजे आत तंतुमय झालेली असण्याची शक्यता जास्त, आणि अशा जुन्या ग्लँडवर गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही.

कारण शोधल्याशिवाय चाकू लावू देऊ नकोस. जिममध्ये कोणी इंजेक्शन दिलं असेल, केस गळतात म्हणून फिनास्टेराइड चालू असेल, मानसोपचारातली रिस्पेरिडोन असेल, दारू जास्त असेल, तर लाज न बाळगता सांग. कारण तसंच ठेवून ऑपरेशन केलं तर परत वाढू शकतं, कारण ग्लँडचा थोडा भाग मुद्दाम आत ठेवलेला असतो. रक्तात ही हार्मोन्स तपासून घे: टेस्टोस्टेरॉन (सकाळी ८ ते १० च्या दरम्यान दिलेलं), एलएच, एफएसएच, इस्ट्राडायॉल, प्रोलॅक्टिन, टीएसएच, बीटा-एचसीजी, शिवाय लिव्हर आणि किडनी. अंडकोषांची हाताने तपासणी करून घ्यायची, ती टाळायची नाही. एकाच बाजूला कडक गाठ, स्तनाग्रापासून सरकलेली, रक्त येणं, त्वचा आत ओढली जाणं, यातलं काहीही असेल तर सौंदर्याचा विषय तिथेच थांबतो आणि आधी सोनोग्राफी, गरज पडली तर बायोप्सी.

आता जी चूक मला सगळ्यात महाग पडली ती. ग्लँड असताना नुसत्या लायपोवर सही केली.

लायपोची नळी असते तीन-चार मिलिमीटर जाडीची, बोथट टोकाची. आधी सलाइनमध्ये लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) आणि ऍड्रेनलिन मिसळून ते छातीत भरतात, चरबी फुगते, सैल होते आणि नळीतून ओढली जाते. ग्लँड तंतुमय असते, नळी तिला घासून बाजूने निघून जाते. म्हणजे भोवतीची चरबी गेली आणि मधली चकती तशीच राहिली. सूज उतरल्यावर आधी गोलसर दिसणाऱ्या छातीचं आता टोक दिसतं, टी-शर्टमधून आणखी ठळक. दुसऱ्यांदा उघडायचं तर आतले थर एकमेकांना चिकटलेले असतात, रक्तस्राव जास्त, स्तनाग्राची संवेदना जाण्याचा धोका जास्त, खर्च अर्थातच दुप्पट. ग्लँड काढायला स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या खालच्या कडेला अर्धगोल छेद घ्यावा लागतो. रंगाच्या सीमेवर असल्यामुळे तो व्रण लपतो.

याच्या उलट चूकही होते. सगळीच ग्लँड खरवडून काढली तर स्तनाग्राला खालून आधार उरत नाही, ते स्नायूला चिकटतं आणि तिथे बशीसारखा खड्डा पडतो. हात वर केला की तो खड्डा ओढला जातो. हे दुरुस्त करणं पहिल्या ऑपरेशनपेक्षा अवघड. म्हणून जाणता सर्जन खाली साधारण एक सेंटिमीटर जाडीची चकती ठेवतो. तेव्हा विचारायचं हे: ग्लँड कापून काढणार की फक्त लायपो? छेद कुठे? स्तनाग्राखाली किती ठेवणार? काढलेला भाग तपासणीला पाठवणार ना? उत्तरं सर्जनकडून हवीत, क्लिनिकच्या काउन्सेलरकडून नाहीत.

कारण खरी गडबड तिथेच होते. गोड बोलणारी काउन्सेलर मंडळी फोटो दाखवतात, पॅकेज सांगतात, ऍडव्हान्स घेतात. सर्जन भेटतो थेट ऑपरेशनच्या सकाळी, आणि संमतीपत्र पुढे येतं तेव्हा पोट उपाशी असतं, हाताला सलाइन असतं. त्या कागदावर 'लायपोसक्शन, छाती' एवढंच असेल तर तेवढंच होणार. संमतीपत्र आदल्या आठवड्यात घरी आणून वाच.

आणि नंतर कागद मागितले तर डिस्चार्ज कार्डावर एक ओळ. पैसे घ्यायच्या आधी दिवसाला तीन फोन, ऑपरेशनची नोट मागितल्यावर एकही उत्तर नाही. याचा राग मला अजून आहे, कारण दुसरा सर्जन पहिला प्रश्न विचारतो तो हाच: आधी काय काढलं, किती मिलि, कुठल्या थरातून? त्याच्याकडे उत्तर नसेल तर तो अंदाजाने उघडतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत स्पष्ट आहे की दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं ठेवायच्या आणि मागितल्यापासून ७२ तासांत द्यायच्या. तोंडी मागू नकोस. लेखी अर्ज दे, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घे. त्याहून बरं म्हणजे ऑपरेशन नोट डिस्चार्जबरोबरच हातात द्यायची हे आधीच ठरवून घे. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि हात वर करून काढलेले आधीचे फोटो तुझ्याकडेही हवेत.

डॉक्टर निवडताना एमसीएच किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी ही पदवी बघ. पाटीवर 'कॉस्मेटोलॉजिस्ट' लिहिलेलं असणं म्हणजे सर्जन असणं नाही. नोंदणी क्रमांक मागून महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत स्वतः तपास. भूलतज्ज्ञ हवाच, ऑपरेशन 'फक्त जागेवर भूल देऊन' असलं तरी. लिग्नोकेनचा डोस वजनावर ठरतो, या पद्धतीत साधारण ३५ मिलिग्रॅम प्रतिकिलो ही मर्यादा धरतात, आणि त्याची रक्तातली पातळी कित्येक तासांनी चढते. म्हणजे संध्याकाळी घरी पाठवलेल्या माणसाला त्रास रात्री होऊ शकतो.

पैशांचं थोडक्यात. निव्वळ सौंदर्यासाठीच्या सर्जरीवर १८ टक्के जीएसटी लागतो. जन्मजात दोष, वाढीतली विकृती किंवा इजा यासाठी असेल तर सूट आहे, तेव्हा तुझं कशात बसतं ते सर्जनकडून लेखी घे. विमा बहुतेक मिळत नाही, सौंदर्य-सर्जरी हा सगळ्या पॉलिसींतला ठरलेला अपवाद आहे. कोणी खोटा कागद करून देतो म्हणालं तर नाही म्हण. पॅकेजमध्ये भूलतज्ज्ञ, थिएटर, प्रेशर व्हेस्ट (ऑपरेशननंतर घालायचं घट्ट बनियन), काढलेल्या भागाची तपासणी धरलंय का ते विचार. कर्ज काढून करू नये असं मला वाटतं, हे माझं वैयक्तिक मत.

नंतरच्या दिवसांत सगळ्यात जपायचं ते पहिल्या २४ तासांत. एकच बाजू झपाट्याने सुजली, ताठ झाली, निळसर पडली, एकाच बाजूला वाढतं दुखू लागलं तर आत रक्त साठतंय. सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री जायचं. म्हणून मुंबईला करायचं ठरवलंस तर निदान दोन रात्री तिथेच राहा, त्याच दिवशी कसारा घाट चढून घरी येऊ नकोस. प्रेशर व्हेस्ट चार ते सहा आठवडे, सुरुवातीला दिवसरात्र. दोन घे, एक धुवायला. एप्रिल-मेमध्ये त्या व्हेस्टखाली घामोळ्यांनी जीव नकोसा होतो, आपल्याकडची नोव्हेंबर ते जानेवारीची थंडी त्याला उत्तम. बाइक दोन आठवडे बंद, खड्ड्यांचे हादरे छातीत जातात. कंपनीत बसून काम असेल तर आठवड्याने जाता येतं, वजन उचलायचं असेल तर महिना-दीड महिना नाही, सुपरवायझरशी आधी बोलून ठेव. सिगारेट, तंबाखू, गुटखा निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद, निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात आणि जखम भरत नाही. जुन्या जखमेचा व्रण जाड, वर आलेला असेल तर आधीच दाखव. पहिला महिना सूज असते, काहीच झालं नाही असं वाटतं. खरा आकार तीन ते सहा महिन्यांनी.

आता तुझा मूळ प्रश्न. शर्ट दोन बोटांनी छातीपासून पुढे ओढायची सवय तुला असणारच. खांदे पुढे पाडून चालायचीही. ग्लँड गेली तरी ती बोटं महिनोन्‌महिने आपोआप शर्टाकडे जातात, कारण ती सवय हाताची आहे. ते काम ऑपरेशनच्या आधीच सुरू कर. रविवारी एका बनियनवर भाजी आणायला जा, पुढच्या आठवड्यात नुसत्या टी-शर्टवर मित्राकडे. ऑपरेशननंतर काय करायचंय ते कागदावर लिही. 'महापालिकेच्या सावरकर तलावावर पोहायला जाणं' असं लिहिता आलं तर अपेक्षा ठीक आहे. 'लोक मान देतील', 'लग्न जमेल' असं आलं तर ते काम छातीचं नाही.

आणि एक आठवडा खरा हिशेब ठेव. आरशात पाहणं, चिमटे काढणं, फोटो काढून पुसणं, लोकांना विचारणं, यात दिवसाचा तासाहून जास्त जात असेल, किंवा छातीवरून मन जबड्यावर, तिथून नाकावर सरकत असेल, तर हा शरीरप्रतिमेचा आजार असू शकतो. त्यात ऑपरेशनने सहसा बरं वाटत नाही, मन नवी जागा शोधतं. समुपदेशन आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या औषधांनी मात्र बऱ्याच जणांना फरक पडतो. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये दाखवता येईल. जायचा संकोच असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर कधीही मराठीत बोलता येतं.

त्या सवलतीच्या ऑफरबद्दल: त्यांना फोन करून एवढंच विचार की ऑपरेशन करणारे सर्जन मला स्वतः हात लावून कधी तपासतील. तारीख मिळाली नाही तर ऍडव्हान्स देऊ नकोस. रक्ताचे रिपोर्ट आले की नाव झाकून इथे टाक, सर्जनला काय काय विचारायचं त्याची यादी मिळून करू.